चाळीस दिवस, एकच गीत

सासूबाईंच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं सालं लिहिलेली आहेत. एका गीतापाशी १९६४, दुसऱ्यापाशी १९६५. पुढे एके ठिकाणी १९७२ आणि त्याखाली लगेच १९७३, एकाच गीताला दोन सालं. नगर जिल्ह्यात दुष्काळाची ती वर्षं ज्यांनी काढली त्यांना त्याचं कारण सांगायला नको. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “दर लेंटला एक गीत घ्यायचं, बाई. चाळीस दिवस तेच. दुसरं नाही.” एवढंच. यामागे काही विचार आहे असं त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या आईनं तसं केलं होतं, म्हणून त्या करत होत्या.

मी वसईची. आमच्याकडे वाडीवाडीवर क्रूस, शुक्रवारी क्रुसाची वाट, संध्याकाळी रोजरी, आणि उपवासकाळात गाणी इतकी की कुठलं कधी म्हटलं ते ध्यानातही राहू नये. नववीत असल्यापासून मी चर्चच्या गायनमंडळात पेटी वाजवत होते. सासरी आल्यावर शब्दच बदलले. क्रुसाचा वधस्तंभ झाला, फादरचे पाळकसाहेब झाले, उपवासकाळाचा लेंट झाला. ते जमलं. पण चाळीस दिवस एकच गीत, हे मला काटकसरीसारखं वाटलं. घरात दाणे नसल्यासारखं. आज तेवीस-चोवीस वर्षं मी ते करते आहे, आणि या दिवसांत गाण्यातून, प्रार्थनेतून आपण थोडं पुढे सरकावं असं ज्यांना वाटतं त्यांना मी हेच सुचवते: गाणं वाढवू नका, कमी करा.

हे सासूबाईंचं खूळ नाही. चर्चची जुनी रीतच तशी आहे, आपल्या लक्षात येत नाही इतकंच. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ४६ भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की ४०. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. या काळात कॅथलिक मिस्सामध्ये ‘आलेलुया’ म्हणत नाहीत. रविवारी एरवी गायचं गौरवगीतही गाळतात. वाद्यं वाजवायची ती फक्त गाणाऱ्यांना आधार म्हणून, नुसती नाहीत; चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे त्याला अपवाद. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात गौरवगीताच्या वेळी घंटा वाजतात आणि मग थेट ईस्टरच्या रात्रीपर्यंत मुक्या राहतात. गोव्यात त्या दोन दिवसांत घंटेऐवजी ‘मात्राक’ नावाचं लाकडी खडखडं वाजवायची रीत आहे. लहान असताना एका पाहुण्यांकडे मी तो आवाज ऐकला होता. कोरडा, हाडासारखा आवाज. घंटा कशाला असते ते मला तेव्हा कळलं.

म्हणजे पोट उपाशी ठेवतात तसे कानही उपाशी ठेवायचे. आपण मात्र उलट करतो. लेंट लागला की मोबाइलवर ‘भक्तिगीतांची’ रांग लावतो. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू. भाजी निवडताना, डबे भरताना, लोकलमध्ये. ऐकत कुणीच नसतं. सुरुवात करायची तर इथून करा: पहिला आठवडा मागं वाजणारं सगळं संगीत बंद. भक्तीचंसुद्धा. त्रास होईल, घर मोकळं मोकळं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुकरची शिट्टी, शेजारच्या मुलाचं पाढे म्हणणं, स्वतःचा श्वास असलं काही ऐकू येऊ लागेल. मग गाणं घ्या.

गीत कुठलं घ्यायचं

आवडीचं घेऊ नका, हा माझा पहिला सल्ला, आणि तो लोकांना पटत नाही. आवडीचं गीत आपण आवडीसाठी गातो. संत ऑगस्टिननं आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये कबूल केलंय की कधीकधी त्याला गाण्यातल्या अर्थापेक्षा गाणंच जास्त हलवून जातं, आणि तसं झालं की आपलं चुकलं असं त्याला वाटतं. (जो गातो तो दोनदा प्रार्थना करतो, हे त्याच्या नावावर खपणारं वाक्य मात्र त्याच्या लिखाणात त्या शब्दांत सापडत नाही. पोस्टरवर छापायला सोपं, म्हणून टिकून आहे.) ऑगस्टिनइतकं कडक व्हायची गरज नाही, पण त्यानं दाखवलेला खड्डा खरा आहे. चाल गोड असली की शब्द तिच्यामागे लपतात.

तेव्हा असं गीत घ्या ज्याचे शब्द तुम्हाला थोडे अडतात. एखादं कडवं नेहमी घाईत उरकलं जातं, एखादी ओळ तुम्ही नुसती ओठ हलवून सोडून देता, असं गीत. ते फार लांब नको. चार-पाच कडवी पुरेत. चाल तुमच्या गळ्याला झेपणारी हवी. ती झेपत नसेल तर पट्टी खाली घ्या. चर्चमध्ये काळी चारवर म्हणतात म्हणून घरी पहाटे काळी चार लावायचा अट्टहास कशाला?

मराठीत निवड करायला भरपूर आहे आणि ते ऋण मुख्यतः एका माणसाचं आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्ये वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेचा सूरच बदलला. त्याआधी मंडळीत परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरं पुष्कळ गायली जात. काही चांगली होती. काहींत मराठी शब्द उसन्या अंगरख्यात कोंबल्यासारखे वाटत. टिळकांनी अभंग, ओवी, भजन हे सगळं आपलं म्हणून वापरलं. तुकोबांचं ऋण ते मोकळेपणानं मान्य करत. कीर्तनाचा प्रयोग तर नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी त्यांच्याही आधी केला होता; त्यात कृष्णराव सांगळे यांचं नाव मोठं आहे. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. त्याच ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई, ज्यांना लग्नानंतर लिहावाचायला शिकावं लागलं होतं.

आणखी मागं जायचं असेल तर फादर थॉमस स्टीफन्स आहेत. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेजुइट. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये ते देवनागरीत आणलं, म्हणून आज आपल्याला वाचता येतं. दुसऱ्या पुराणात येशूचं चरित्र आहे आणि दुःखसहनाचा भाग शेवटाकडे येतो. ज्यांना गाता येत नाही, किंवा गाता येत नाही असं वाटतं, त्यांनी गीताऐवजी यातल्या वीस-पंचवीस ओव्या घ्याव्यात. आजी पोथी वाचायची त्या हेलात वाचा. सूर लागायची काळजी नाही. ओवी स्वतःच हेल धरते. चारशे वर्षांपूर्वीची मराठी आहे, काही शब्द कळणार नाहीत. असू दे. रोज वाचता वाचता निम्मे आपोआप कळतात.

तिसरा मार्ग स्तोत्रांचा. दीडशे स्तोत्रांपैकी सात स्तोत्रांना चर्चच्या परंपरेत पश्चात्तापाची स्तोत्रं म्हणतात: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. यातलं ५१वं सर्वांना ठाऊक असतं, दावीद राजाला नाथान संदेष्ट्यानं त्याचा गुन्हा तोंडावर सांगितला त्या प्रसंगाशी जोडलेलं. पण पहिल्यांदाच हा नेम करत असाल तर १३०वं घ्या. आठच वचनं आहेत. खोल खड्ड्यातून मारलेली हाक आणि मग पहाटेची वाट पाहणारा पहारेकरी. रात्रपाळी केलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. माझ्या धाकट्या दिरांनी कारखान्यात असताना एका वर्षी तेच धरलं होतं. ते म्हणायचे, पाचच्या सुमारास शेडच्या पत्र्यावर उजेड दिसायचा तेव्हा ते बरोबर त्या ओळीवर असायचे.

रोज करायचं काय

वीस मिनिटं. जास्त ठरवलीत तर दुसऱ्या आठवड्यात सुटेल.

वेळ एकच ठेवा. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये वाचतात तो मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला उतारा आठवा: खोलीत जा, दार लावून घे आणि प्रार्थना कर, उपास करशील तेव्हा तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. चाळीतल्या किंवा वन-बीएचकेमधल्या माणसानं खोली कुठून आणायची, हा प्रश्न मला मुंबईच्या एका वाचक बाईंनी विचारला होता. त्यांनी स्वतःच उत्तर शोधलं: सगळे निजल्यावर स्वयंपाकघरातला दिवा मालवून ओट्याशी उभं राहायचं. त्या गीत मनातल्या मनात म्हणतात. ओठ हलतात, आवाज नाही. त्यांचंही गाणंच आहे ते.

बसल्यावर लगेच गाऊ नका. आधी गीताचे शब्द सावकाश वाचा, गद्यासारखे. चाल काढून घेतली की शब्द उघडे पडतात आणि काही वेळा बिचारे फारच साधे निघतात. मग एकदा गा. पेटी नको, तंबोऱ्याचं अॅप नको, मोबाइलवर मूळ ध्वनिफीत तर नकोच. मी पेटी वाजवणारी, त्यामुळे मला हे सगळ्यात जड गेलं. पहिल्या वर्षी सासूबाईंनी एकदा दारातूनच सांगितलं, “पेटी मिटव. आज नुसतं म्हण.” भाता बंद झाला आणि माझा आवाज किती कापरा आहे ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. इतकी वर्षं पेटीनं तो झाकला होता.

गाऊन झालं की इग्नेशियस लोयोलानं आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात सांगितलेली एक जुनी रीत करून पाहा. तो प्रार्थनेच्या तीन पद्धती देतो. तिसरी तालाची आहे. एका श्वासाला एक शब्द. दोन श्वासांच्या मधल्या वेळात त्याच शब्दावर लक्ष. ‘आमच्या’ म्हणायचं, श्वास. ‘स्वर्गातील’, श्वास. ‘पित्या’, श्वास. प्रभूची प्रार्थना एरवी आपण अर्ध्या मिनिटात संपवतो. अशी म्हटली तर पाच-सात मिनिटं लागतात, आणि रोजच्या भाकरीच्या जागी पोहोचेपर्यंत माणूस चांगलाच हळू झालेला असतो. तुमच्या गीतातलं एखादं कडवंही असं घेता येतं. स्टीफन्स इग्नेशियसच्याच जेजुइट संघाचा माणूस. ओवी निवडताना ही श्वासाची शिकवण त्याच्या अंगात मुरलेली असणार, असा माझा तर्क आहे. पुरावा काही नाही.

शेवटी दोन मिनिटं काहीच नाही. आणि वहीत एक ओळ. ‘आज खूप छान वाटलं’ असलं लिहू नका. गीतातला कुठला शब्द आज अडला तेवढा लिहा. एवढी एक ओळ पुढे फार उपयोगी पडते.

कारण साधारण दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. येतोच. गीत तोंडपाठ झालेलं असतं, जीभ म्हणत असते आणि डोकं गॅसचा नंबर लावत असतं. बहुतेक जण इथं गीत बदलतात. बदलू नका. या नेमातला कामाचा भाग इथूनच सुरू होतो. गोडी संपली की गीत तुमचं मनोरंजन करायचं थांबवतं. मग तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी एखादा शब्द पायात काटा मोडावा तसा बोचतो.

माझं सांगते. एका वर्षी मी घेतलेल्या गीतात क्षमेचं एक कडवं होतं. वही पाहिली तर सलग नऊ दिवस त्याच कडव्यातला एक शब्द लिहिलेला. आणि मग लक्षात आलं, तिथं आलं की माझा आवाज बारीक व्हायचा, आपोआप. थोरल्या जाऊबाईंशी तेव्हा दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण सांगण्यासारखं नाही, सासऱ्यांच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून सुरू झालं होतं. दहाव्या दिवशी मी फोन केला. चार मिनिटं बोललो, त्यातली तीन टोमॅटोच्या भावावर. क्षमा वगैरे शब्द कुणी काढला नाही. पण त्या रात्री कडवं पूर्ण आवाजात म्हणता आलं.

आध्यात्मिक वाढ म्हणतात ती मला तरी अशीच, तुकड्यातुकड्यानं दिसली आहे. गाताना डोळे भरून येणं ही तिची खूण नव्हे. डोळे भरायला कोमल गंधारही पुरतो.

शुक्रवार, आणि दुसऱ्याच्या दाराशी

क्रुसाची वाट ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती सोडू नये. चौदा स्थानं, मध्ये चालणं आणि चालताना एकेक कडवं. हे सगळं शरीराला कळतं. गुडघे दुखतात, पुढच्या माणसाची टाच लागते, कुणीतरी सूर वर चढवून ठेवतो आणि मागचे लोक त्याच्यामागे धापा टाकतात. ज्यांच्या मंडळीत ही रीत नाही त्यांनी दर शुक्रवारी शुभवर्तमानातला दुःखसहनाचा एक प्रसंग वाचून, तुमचं ते एक गीत म्हणत वीस मिनिटं चालावं. गच्चीवर, बागेत, कुठेही. बसून केलेली प्रार्थना डोक्यात राहते; चालताना केलेली पायांत उतरते, असं माझी आजी म्हणायची. तिचे पाय पाहता ती खरं बोलत असावी.

उपासाचा नियम ज्याच्या त्याच्या चर्चचा पाळावा. मधुमेह असणाऱ्यांनी, औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये. येशूनं असा आग्रह कुठं धरलेला नाही. पण त्या मत्तयाच्या अध्यायात प्रार्थना आणि उपासाच्याही आधी दानधर्म येतो, आणि संगीतातला दानधर्म आपण अगदीच विसरतो. तुमच्या मंडळीत अंथरुणाला खिळलेलं, चर्चला येऊ न शकणारं कुणीतरी असेल. आठवड्यातून एकदा जा. आधी विचारून जा. कॉयरची गाडी भरून नको, दोघं पुरेत. दहा मिनिटं. तुमचं चाळीस दिवसांचं गीत तिथं म्हणू नका, त्यांचं विचारा. जुनं, चाल विसरलेलं काहीतरी सांगतील. चुकत म्हणा, ते दुरुस्त करतील. आमच्याकडचे एक आजोबा, स्मरण जवळजवळ गेलेलं, मुलांची नावं सांगता येत नव्हती. पण मी दुसऱ्या कडव्याऐवजी तिसरं सुरू केलं तेव्हा हात उचलून थांबवलं.

गायनमंडळातल्या लोकांसाठी एक वेगळा शब्द, कारण मी त्यांच्यातली आहे आणि या काळात सर्वांत कोरडे आपणच राहतो. झावळ्यांच्या रविवारची गाणी, गुरुवारची, शुक्रवारची, ईस्टरची. सराव, कोण आलं नाही, कोणाचा घसा बसला, नवा कीबोर्ड. ईस्टरच्या दिवशी लोक येऊन छान झालं म्हणतात आणि आपल्याला आठवतं की सहा आठवड्यांत आपण प्रार्थना अशी केलीच नाही. एका वर्षी आमच्या सरावात एका चालीवरून इतका वाद झाला की दोघांनी मंडळ सोडलं, आणि ते गीत होतं नम्रतेवर! हसण्यासारखं आहे, पण तेव्हा कुणी हसलं नाही. तेव्हापासून आम्ही एक केलं. सराव संपला की सगळी वाद्यं खाली ठेवायची, एकच कडवं साथीशिवाय, हळू म्हणायचं, आणि दोन मिनिटं गप्प बसून मग चपला घालायच्या. नवखी मुलं सुरुवातीला खिदळतात. नंतर तीच आठवण करून देतात.

आणि ज्यांना यंदा गाताच येत नाही, त्यांच्याबद्दल. घरात मृत्यू झालाय, आजार निघालाय, किंवा काहीच न होता आतून सगळं आटलंय. अशा वेळी नेम करायचा म्हणून आवाज काढू नका. वडील गेले त्या उपवासकाळात मी चर्चमध्ये नुसती बसून असायचे. शेजारी मावशी. एकदा मी पुस्तक उघडलं तर तिनं ते मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. “तू बस गं. तुझ्या वाटचं मी म्हणते.” मंडळीत गायचा खरा उपयोग मला तेव्हा समजला. बायबलमध्येही अशा लोकांसाठी जागा आहे. ८८वं स्तोत्र वाचा. बहुतेक विलापगीतं शेवटाकडे वळतात, देवाची स्तुती करून संपतात. हे वळत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधाराच्याच शब्दावर थांबतं. ज्यानं कुणी ते पवित्र ग्रंथात राहू दिलं, त्याचे उपकार आहेत.

शेवटचा आठवडा

पवित्र आठवड्यात आपलं एक गीत चालूच ठेवा, पण आता त्याच्या शेजारी दुसरं काही येऊ द्या. कान चांगलेच भुकेले झालेले असतात.

गुरुवारी रात्री जेवणानंतर घरातल्या सर्वांनी बसून स्तोत्र ११५ ते ११८ मोठ्यानं वाचा. कारण असं: मत्तय आणि मार्क दोघंही सांगतात की शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. वल्हांडणाच्या जेवणानंतर यहुदी घरांत हीच स्तोत्रं म्हणायची परंपरा आहे. तेव्हा त्या रात्री त्यांनी गायली ती बहुधा हीच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती वेळ पान उलटलं नाही. पुढं काय आहे हे ठाऊक असलेला माणूस आणि त्याचं गाणं. ११८व्या स्तोत्रात बांधणाऱ्यांनी टाकून दिलेल्या दगडाची ओळ येते. ती त्याच्या तोंडी कशी आली असेल त्याचा विचार करत राहा. दुसरं काही ध्यान लागत नाही.

शुक्रवारी बाराच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं असतात. लूक आणि योहान यांच्यात तीन-तीन, आणि मत्तय-मार्कांत एक. हा एक २२व्या स्तोत्राचा आरंभ आहे, आणि लूकमधला शेवटचा उद्गार ३१व्या स्तोत्रातून येतो. म्हणजे वधस्तंभावर बोलायची शक्ती उरली नव्हती तेव्हा ओठांवर आलं ते पाठ असलेलं गीत. पाठ करण्याला आपण हल्ली फार हलकं मानतो. घोकंपट्टी म्हणतो. पण वेळ आली की पुस्तक उघडायला हात मोकळे असतीलच असं नाही.

दुपारनंतर, उपासनेहून आल्यावर, ज्यांना पाश्चात्त्य संगीताची थोडी ओढ आहे त्यांनी बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ऐकावं. १७२७च्या गुड फ्रायडेला लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये ते पहिल्यांदा झालं असं मानतात. पुढं ते विस्मृतीत गेलं, १८२९ मध्ये तरुण मेंडेल्सोननं बर्लिनमध्ये पुन्हा उभं केलं. सगळं ऐकायला तीन तासांच्या आसपास लागतात. तेवढं जमणार नाही. त्यात एक साधी मंडळीची चाल पाच वेळा येते, तेवढी ओळखून ऐका. चाल तीच, पण खालची स्वरसंगती बदलत जाते, आणि येशूच्या मृत्यूनंतर ती शेवटची येते तेव्हा तीच चाल ओळखू येऊनही परकी वाटते. मूळ चाल हान्स लिओ हास्लर नावाच्या माणसानं एका प्रेमगीतासाठी केली होती. एकाच चालीकडे पुन्हा पुन्हा जाण्यात काय असतं हे नगरच्या एका म्हातारीनं मला पेन्सिलीनं दाखवलं होतं, बाखनं चार आवाजांत दाखवलं.

गोव्यात असाल तर उपवासकाळातले मोटेट चुकवू नका. गावच्या मेस्त्रांनी रचलेले, व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीनं, लॅटिन शब्दांवर फार संथ गायले जाणारे. शब्द कळत नाहीत आणि त्यानं काही बिघडत नाही.

शनिवारी मात्र काही नाही. गाणं नाही, ध्वनिफीत नाही, तुमचं गीतसुद्धा नाही. चाळीस दिवसांत हा एकच दिवस त्याला सुट्टी. मला तो दिवस अजून जड जातो. ईस्टरच्या तयारीत, करंज्यांच्या सारणात स्वतःला बुडवून घेते. रात्री अंधारात मेणबत्ती पेटते, घंटा वाजतात, आणि इतके दिवस अडवलेला आलेलुया सुटतो. त्या रात्री पेटी वाजवताना माझे हात दरवर्षी चुकतात. कुणाच्या लक्षात येत नाही, सगळे ओरडत असतात.

२०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. गीत महिनाभर आधी निवडून ठेवा. त्या दिवशी कपाळावर राख लावून आल्यावर पुस्तक चाळत बसलात तर हटकून आवडीचंच सापडेल. आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गीतापाशी साल लिहा. पेन्सिलीनं. पेननं लिहू नका, या पुस्तकांचा कागद पातळ असतो, मागच्या गीतावर उमटतं.